खोट नसलेला मामा

रंभाजी बहुरूपी हवालदाराच्या वेशात गावात शिरला की आधी कुत्री भुंकायची, मग पोरं धावायची आणि सगळ्यात शेवटी मोठी माणसं हसू दाबत दाराशी यायची. "घरधनी कोन? फुडं या! तुमच्या मांजरीनं शेजारच्या दुधाचा परस्पर पंचनामा केलाय. चौकीवर हजर करा तिला, शेपटीसकट!" असं तो दरडावायचा, आणि दरडावणं असं की खऱ्या हवालदारानं त्याच्याकडं शिकवणी लावावी. पण पोरांचं लक्ष त्याच्या बोलण्याकडं नसायचं. ती वाकून वाकून त्याचे बूट, पट्टा, टोपी बघत त्याच्याभोवती फिरत राहायची. ती खोट हुडकत असायची.

खोट म्हणजे सोंगात मुद्दाम ठेवलेली चूक. सगळा वेश हुबेहूब आणि एकच गोष्ट वाकडी. कधी एका पायात बूट आणि दुसऱ्यात वहाण, कधी पट्ट्याचं बक्कल पाठीमागं, कधी छातीवरचा बिल्ला बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा. रंभाजीच्या आज्यानं म्हणे एकदा गोऱ्या साहेबाचा शिपाई इतका खरा उभा केला की एक गरीब माणूस घाबरून पळत सुटला आणि आडात पडला. जगला बिचारा, पण जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून या घराण्यात खोट ठेवल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता. "समोरच्याला सुटायला एक फट ठिवावी, रंभा," त्याचा बाप छगन सांगायचा. "त्यानं बघितली न्हाई तर त्याचं नशीब. पर आपुन ठिवलीच न्हाई, तर ते सोंग न्हाई, लबाडी हाय."

खोट सापडली की सोंग संपलं. मग रंभाजी टोपी काढायचा, शोधणाऱ्या पोराला कडक सलाम ठोकायचा आणि हसून झोळी पुढं करायचा. त्यात जे पडेल ते त्याचं.

त्याच्या फेरीतल्या बाभूळवाडीला एक चिमुरडी होती. आई वारल्यामुळं आजोळी राहायची. तिचं खरं नाव रंभाजीनं कधी विचारलं नाही, तो तिला चिंगी म्हणायचा. इतर पोरं आरडाओरडा करत चुकीचं काहीबाही सांगायची. ही मात्र हात पाठीमागं बांधून त्याच्याभोवती एक शांत फेरी घालायची, जवळ येऊन बाही ओढायची आणि कानात सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. मग रंभाजीलाही चेव आला. बाभूळवाडी आली की तो खास तिच्यासाठी अवघड खोट काढायचा. एकदा त्यानं कोटाची सगळी बटणं पितळेची लावली आणि गळ्याजवळचं तेवढं शिंपल्याचं. पोरीनं तेही हेरलं. "हवालदारबाबा, ह्ये बटान सरकारी न्हाई," म्हणाली. रंभाजी घरी जाऊन बायकोला, रतनबाईला, दोन दिवस तेच सांगत होता. पुढं एका वर्षी चिंगी दिसली नाही. बाप येऊन आपल्या गावी घेऊन गेला, असं कळलं. रंभाजीला चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली.

बहात्तर साल उजाडलं ते दुष्काळ घेऊनच. रंभाजीचं पाल केडगावच्या पलीकडं माळावर होतं. तिथून तो रोज कुठल्या ना कुठल्या गावी जायचा आणि तसाच परत यायचा. घरांना कुलपं. माणसं सगळी तलावाच्या कामावर, बायका खडी फोडायला. हवालदार दरडावणार कुणाला, भिंतींना? खडीवरच्या बायकांपुढं त्यानं एकदा सोंग करून पाहिलं. त्या हसल्या, पण ते हसू इतकं दमलेलं होतं की त्यालाच लाज वाटली. त्या दिवसापासून त्यानं वेश गाठोड्यात बांधून ठेवला.

अशात बेलापूरहून रंगनाथचा निरोप आला.

रंगनाथ म्हणजे बियाणाच्या दुकानाचा मालक, गावातलं बडं प्रस्थ. पण रंभाजीला तो लहानपणापासूनचा. सुगी सरली की रंभाजीच्या बापाचं पाल रंगनाथच्या वडिलांच्या शेतात पडायचं. दोघं पोरं दिवसभर बांधावर हुंदडायची. रंभाजीनं त्याला आवाज काढायला शिकवलं. म्हातारीचा, तलाठ्याचा, तोतऱ्या वाण्याचा. छगन तापानं फणफणला तेव्हा स्वतःच्या वडिलांचा विरोध झुगारून रंगनाथनंच सायकलवर जाऊन डॉक्टर आणला होता. छगन वाचला नाही ती गोष्ट वेगळी. पण डॉक्टर पालावर आला होता, आणि रंभाजीनं ते काळजावर कोरून ठेवलं होतं. चारचौघांत तो रंगनाथला अण्णा म्हणायचा आणि एकटा असला की रंगा.

"रंभा, एक सोंग करायचंय," रंगनाथनं दुकानामागच्या खोलीत त्याच्यापुढं भाकरी-कोरड्यासाचं ताट सरकवलं. "पर येगळं."

गोष्ट अशी होती. रंगनाथचा पुतण्या गोरक्ष कारखान्यावर फिटर होता. आईबाप वारलेले, रंगनाथनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याच्यासाठी तिकडं लांब, पाथर्डीच्या अंगाला, खडकवाडीच्या भिमाजीची मुलगी बघितली होती. सगळं जुळलं होतं. पण भिमाजीचा हट्ट होता की मुलाला आई नाही तर निदान मामा तरी सुपारीला समोर बसावा. आजोळची खात्री झाल्याशिवाय तो मुलगी द्यायला तयार नव्हता.

"मग मामाला न्ये की."

"तिथंच तर घोडं आडलंय. सहादू, कोल्हारचा. बहीन मेल्यापास्नं रुसून बसलाय. आमच्या दारात पाय ठिवीत न्हाई. आता त्याच्या रुसव्यापायी पोरानं बिनलग्नाचं मरायचं का?"

रंभाजीनं हातातला घास ताटात ठेवला. "सोयरिकीत सोंग? न्हाई रंगा. त्ये आमच्यात बसत न्हाई."

"सोंग कुठंय त्यात? पोरगा खरा, घर खरं, मी चुलता खरा. रुसक्याची जागा तेवढी भरायची. हळद उतरली की मी सोता पाव्हण्यांफुडं उभा ऱ्हाऊन सांगतो, ह्यो आमचा रंभाजी बहुरूपी. प्वाट धरून हासत्याल समदी. सहादूचं नाक ठेचंल ते येगळंच."

"बरं. पर खोट ठिवीन मी."

"खोट दिसली तर सोयरीक मोडंल, येड्या!" रंगनाथ जवळ सरकला, आवाज उतरवला. "का रं? खोटीबिगर जमत न्हाई व्हय तुला? लोक म्हनत्याल, रंभाजीला पुरतं सोंग येतच न्हाई, म्हनून चूक ठिवतो."

हा बाण बरोबर लागला. रंभाजीनं आयुष्यभर जे काही केलं होतं त्यात एक गोष्ट मुद्दाम बिघडवलेली होती. पुरतं, निर्दोष, आरशातल्यासारखं एक तरी सोंग आपल्या हातून व्हावं ही हौस त्याच्या मनात कुठंतरी दडून बसली होती आणि रंगनाथला ती ठाऊक होती. मित्र म्हणवणाऱ्यांना आपली दुखरी जागा नेमकी माहीत असते, त्याचा हा असा उपयोग. शिवाय डॉक्टर आणायला गेलेली ती सायकल होतीच. रंभाजी हो म्हणाला.

मग तो कामाला लागला. सहादूचं सोंग करायचं तर सहादू बघायला हवा, म्हणून तो कोल्हारला बाजारच्या दिवशी गेला. बैल घ्यायला आलेला शेतकरी होऊन तो सहादूच्या मागं मागं हिंडला. माणूस उंच, हाडापेरानं दणकट, चालताना डावीकडं किंचित झुकणारा. तंबाखू उजव्या तळव्यावर डाव्या अंगठ्यानं मळायचा. बोलायच्या आधी "आता बगा" म्हणून थोडा वेळ गप्प बसायचा, जणू शब्द विहिरीतून शेंदून काढतोय. खाली बसला की एक गुडघा उभा. रंभाजीनं हे सगळं अंगात मुरवून घेतलं. शेवटी प्यायला पाणी मागायच्या निमित्तानं तो त्याच्या घरापर्यंत गेला.

पाणी द्यायला सहादूची लेक बाहेर आली. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, डोळे सुजलेले. तांब्या खाली ठेवून ती आत वळली आणि दाराच्या आड तशीच उभी राहिली. माहेरपणाला आली असेल, रंभाजीच्या मनात आलं. दुष्काळात सासरी खायला नसलं की पाठवतात. एवढ्यात सहादू खोकला आणि रंभाजीचं सगळं लक्ष त्या खोकल्याकडं गेलं. खोकला सोंगाच्या कामाचा होता. सुजलेले डोळे नव्हते.

घरी आल्यावर रतनबाईनं जुना कोट उसवून त्याच्या मापाचा केला. सुई हातात धरून तिनं विचारलं, "खोट कुठं घालू?"

"या बारीला नगं."

ती बघतच राहिली. "अवं, हे काय बोलनं? मामंजींनी काय सांगितलं हुतं?"

"रंगाचं काम हाय. तो सांगनारच हाय समद्यांना मागनं."

"त्यो सांगंल तवा सांगंल. कोट तुमच्या अंगात आसंल, त्याच्या न्हाई," असं म्हणून तिनं दोरा दातानं तोडला आणि कोट त्याच्यापुढं टाकला.

सुपारीच्या दिवशी दुपारी पाहुणे खडकवाडीला पोचले. भिमाजीचं घर लहान, अंगण सारवलेलं. दुष्काळातही त्यानं कुठून तरी साखर पैदा केली होती. रंभाजी डावीकडं झुकत आला, एक गुडघा उभा करून बसला, तंबाखू मळू लागला. मळता मळता त्याला जाणवलं की आपण आता रंभाजी उरलेलोच नाही. असं कधी झालं नव्हतं. नेहमी ती एक खोट त्याला टोचत राहायची, आठवण देत राहायची. आज टोचायला काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला फार सुख वाटलं.

भिमाजी साधा माणूस. हात जोडून समोर बसला. "मामा, पोरीला आई न्हाई. बाईमानूस आसतं तर तिनं खोदूनखोदून इचारलं आसतं. मला ते जमत न्हाई. तुमी पोराच्या आईच्या जागी. आमाला कळायला पायजे आसं काय आसंल, तर आत्ताच सांगा. तुमच्या शब्दावर पोरगी देतो."

"आता बगा," म्हणून रंभाजी थांबला. सहादू थांबायचा तेवढाच. मग म्हणाला, "पाव्हनं, माझी सोताची लेक आसती, तर डोळं झाकून ह्या घरात दिली आसती."

शेजारी रंगनाथ सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता मधेच थांबला. रंभाजीला ते दिसलं, आणि त्याला वाटलं, रंगाला वाक्य आवडलं. कलावंताच्या जातीचा हा भाबडेपणा. जे दिसेल त्यात त्याला दादच ऐकू येते.

मुलगी बाहेर आली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडली. चांगुणा तिचं नाव. पदर कपाळाखालपर्यंत ओढलेला. रंभाजीच्या पायाशी ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग उठताना तिची नजर शेजारी काढून ठेवलेल्या त्याच्या वहाणांवरून धोतराच्या काठावर, तिथून कोटाच्या बटणांवर, गळ्यापर्यंत आणि टोपीपर्यंत सावकाश चढत गेली. धीट पोर आहे, रंभाजीनं मनात म्हटलं, आणि सहादूच्या हातानं तिला आशीर्वाद दिला. ती आत गेली. आतून एका म्हातारीनं सांगितलं, पोरगी व्हय म्हनती. सुपारी फुटली.

लग्नही खडकवाडीलाच झालं. दुष्काळामुळं वऱ्हाड मोजकं, सगळी रंगनाथच्या घरचीच माणसं. रंभाजी मुलाचा मामा म्हणून गोरक्षच्या पाठीशी उभा राहिला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. एक गोष्ट मात्र त्याला खटकली. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा मामा बहुरूपी आहे. गमतीचं सोंग असेल तर कुणीतरी तोंडावर पदर घेतो, कुणीतरी डोळा मारतो. इथं कुणाला हसू येत नव्हतं. माणसं त्याच्याकडं बघतच नव्हती.

हळद उतरली. रंभाजी वाट बघत राहिला. रंगनाथ म्हणाला, "आत्ता नगं, पोरीचा बाप रडतोय." मग म्हणाला, जत्रेच्या वेळी सांगू. मग रंभाजी बेलापूरला गेला तर शेठ बाहेरगावी होते. पुन्हा गेला तेव्हाही बाहेरगावीच होते, फक्त त्यांच्या वहाणा दुकानाच्या पायरीवर होत्या. रंभाजी त्या वहाणांकडं बघून परत फिरला आणि त्यानं स्वतःची समजूत घातली, की माणसाला कामं असतात.

पुढल्या वर्षी रानं पिकली. घरांची दारं उघडली आणि रंभाजीचा हवालदारही गाठोड्यातून बाहेर आला. पत्र्याचा बिल्ला लावून तो फेरीला निघाला आणि एका सकाळी कोल्हारात सहादूच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याचा असा बेत होता की सहादूला त्याचंच सोंग करून दाखवायचं, हसवायचं, आणि जमलं तर भाच्याशी गोडी करून द्यायची.

"घरधनी कोन? फुडं या!"

सहादू ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली. हसला नाही. "हवालदार, तू खरा आसतास तर लई बरं झालं आसतं रं बाबा. माझी फिर्याद तरी लिहून घेतली आसतीस."

"कसली फिर्याद?" रंभाजीच्या तोंडून हवालदाराच्याच आवाजात निघून गेलं.

आणि सहादूनं सांगितलं. त्याची लेक, कलाबाई, त्यानं भाच्यालाच दिली होती. मामाची पोर भाच्यानं करायची ही जुनी चाल. गोरक्ष भाचाही होता आणि जावईही. मूल होईना म्हणून रंगनाथनं तिला माहेरी आणून घातली. जरा बरी झाली की नेतो, म्हणाला. महिन्यामागून महिने गेले. शेवटी सहादू चार माणसं घेऊन गोरक्षच्या दारात गेला, तर हातात हिरवा चुडा भरलेली एक पोर पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला बाहेर आली.

"कुनीतरी तिला सांगितलं, ह्यो गोरक्षाचा मामा, सहादू. तिनं माझ्या तोंडाकडं बगितलं. मग माझ्या पायांकडं, हाताकडं. अन् तिच्या हातनं तांब्या सुटला. म्हनाली, मामा? मग सुपारीला आला हुता तो कोन?" सहादू ओट्यावरून खाली उतरला. "माझं नाव घिऊन कुनीतरी उभं ऱ्हायलं, हवालदार. माझ्या लेकीवर सवत आनायला माझंच नाव वापारलं. त्यो हरामखोर घावला ना, तर त्याचं तोंड बगायचंय मला एकदा. नुसतं बगायचंय."

दाराच्या आड हिरव्या बांगड्या किणकिणल्या. तीच दाराची कड, तेच सुजलेले डोळे. रंभाजीनं ते गेल्या वर्षी पाहिले होते. पाहून सोडून दिले होते. त्याला तोंड दाखवायचं होतं, खरंच होतं, पण त्याचे पाय अंगणाबाहेर कधी पडले ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

बेलापूरला पोचला तेव्हा अंगावर हवालदाराचाच वेश होता. या वेळी रंगनाथ बाहेरगावी नव्हता.

"तुला ठाव हुतं," रंभाजी म्हणाला. "मी काय बोललो त्या बैठकीत, आठीवतंय? माझी लेक आसती तर ह्या घरात दिली आसती. त्याची लेक हुती रं त्या घरात! अन् तू सुपारी कातरत बसलास."

"हळू बोल. गिऱ्हाईक येतंय." रंगनाथनं दाराकडं बघितलं. "मूल हुईना तिला. माझ्या भावाचा वंस बुडवू का?"

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर आला आसतास?"

याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर रंभाजी आला नसता, म्हणून सांगितलं नाही. इतकं साधं. बांधावरचे ते दिवस, बापाच्या उशाशी आलेला डॉक्टर, सगळं या माणसानं लक्षात ठेवलं होतं ते याचसाठी, कधीतरी वसूल करायला. रंभाजीला रडू कोसळलं. एवढा मोठा मिशाळ हवालदार बियाणांच्या पोत्यांमधे उभा राहून पोरासारखा रडला.

"म्या तुला भाऊ मानला हुता रे रंगा."

"मग भावावानी गप ऱ्हा," रंगनाथ म्हणाला. "आन् बोंबलत फिरशील तर फीर. सोंगाड्याच्या बोलन्यावर कोन इस्वास ठिवतो?" मग दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडं वळून त्यानं क्षणात आवाज बदलला, "या या पाटील, बसा. बाजरीचं नवं बी आलंय." तो गोड, मऊ आवाज. आवाज बदलायला त्याला रंभाजीनंच शिकवलं होतं.

चांगुणा बापाच्या घरी परत आली आहे एवढं रंभाजीनं बाहेर विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो खडकवाडीला निघाला. या वेळी वेश नव्हता. मिशी नव्हती, बिल्ला नव्हता, सहादूचा कोट नव्हता. नुसतं मळकं धोतर आणि सदरा. रतनबाईनं विचारलं, "असंच जाताय?" तो म्हणाला, "असंच." तिनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या गावात रंभाजी म्हणून शिरत होता आणि त्याला आपलं स्वतःचं चालणंही धड जमत नव्हतं.

भिमाजी गोठ्यात होता. अंगणात चांगुणा धान्य पाखडत बसली होती. डोक्यावरचा पदर मागं घसरलेला, हात चुड्याशिवाय मोकळे. पाऊल वाजलं तसं तिनं वर बघितलं. सूप खाली ठेवून ती उठली आणि हात पाठीमागं बांधून त्याच्यापुढं उभी राहिली. मग सावकाश ती त्याच्याभोवती एक फेरी फिरली.

ती फेरी रंभाजीनं ओळखली.

"चिंगे," तो म्हणाला. "तू?"

"व्हय, हवालदारबाबा."

त्याला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला सांगितलं नव्हतं. तो उभाच राहिला. काय काय बोलायचं ते त्यानं वाटेनं जुळवून आणलं होतं. मला फसवलं, मला ठाऊक नव्हतं, रंगनाथनं शब्द मोडला. सगळं खरं होतं.

"मला खरंच म्हाईत न्हवतं, पोरी," एवढंच तो कसाबसा म्हणाला. "त्यांनी मला बी..."

"म्या तुमाला तवाच वळकलं हुतं," चांगुणा म्हणाली. ती रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. "पाया पडताना. तुमच्या पायाचा आंगठा वाकडा हाय, त्यो मला लहानपनापास्नं म्हाईत. म्हनलं, हे तर आपले हवालदारबाबा. सोंग घिऊन आल्यात. मग म्या खोट हुडकली. वहाना बघितल्या, सारख्या. धोतार नीट. बटनं समदी येकसारकी. टोपी नीट. गळ्याजवळचं बटान परत परत बघितलं. न्हाईच घावली."

तिनं मोकळ्या हातांकडं एकदा बघितलं.

"मग म्हनलं, हे ते न्हवं. आंगठा येखाद्याचा आसतो तसा. आपले हवालदारबाबा आसते, तर त्यांनी माझ्यासाठी कायतरी ठिवलं आसतं. म्हनून आत जाऊन व्हय म्हनले."

गोठ्यातून भिमाजीची हाक आली, "चांगुने, कोन आलंय गं?"

चांगुणानं सूप उचललं. "इचारत्यात," ती म्हणाली, "सांगा." आणि ती आत निघून गेली.

भिमाजी हात पुसत अंगणात आला. त्यानं समोरच्या माणसाकडं नीट बघितलं, पण त्याला ओळख पटेना. "कोन पाव्हनं? कुठलं?" त्यानं विचारलं, आणि रिवाजाप्रमाणं आधी बसायला घोंगडी झटकली.

रंभाजी घोंगडीवर बसला नाही. त्यानं टोपी काढली आणि स्वतःचं नाव सांगितलं.